आईच्या शिलाई मशीनमधली बाटली

जामसरला आमच्या बचत गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते. जव्हारहून मी वडाप धरून जाते. हप्ते गोळा करायचे, पासबुकं भरायची, कुणाला शेळीसाठी कर्ज हवं असेल तर त्यावर वाद घालायचा आणि मग चहा. मागच्या पावसाळ्याआधीच्या बैठकीत मात्र हप्त्यांचा विषय बाजूलाच राहिला. गटातली एक वहिनी आलीच नव्हती. "तिचा बैल बसलाय," बाकीच्या म्हणाल्या.

आमच्याकडे मे अखेरीला बैल बसला म्हणजे काय, हे शहरातल्या मैत्रिणींना सांगूनही कळायचं नाही. वीटभट्टीवरून माणसं नुकतीच परतलेली असतात. हातात असलेले चार पैसे बियाणं आणि घराच्या कौलांत जातात. नागली-वरईच्या उताराच्या शेतात ट्रॅक्टर जात नाही. बैल उठला नाही तर दुसऱ्याचा बैल भाड्याने, नाहीतर वर्षभर रेशनच्या तांदळावर.

आम्ही सगळ्याच तिच्या घरी गेलो. बैल परसात आडवा, मागचा पाय सुजून टम्म झालेला. वहिनी डोक्याशी बसून पाण्याचा फडका फिरवत होती. पुतण्या मोटारसायकलवरून औषध घेऊन आला होता. पेपरात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या काचेच्या बाटल्या, माणसांना कंबरदुखीला टोचतात त्या. "एकीत भागत नाय बैलाला, म्हणून सात आणल्या," तो म्हणाला. गावातला एकजण सुई टोचून देणार होता.

मी एक बाटली हातात घेतली, चष्मा लावला आणि नाव वाचलं. डायक्लोफिनॅक.

हे नाव मी कुठे शिकले, ते सांगायला हवं.

माझं माहेर मोखाडा तालुक्यातलं. १९९६ साली मी बारावीला होते. त्या वर्षी दिवाळीनंतर आमचा ढवळ्या बांधावरून घसरला. बाबांनी गुरांना औषधपाणी करणाऱ्या एका माणसाला बोलावलं, त्याने चिठ्ठीवर इंजेक्शन लिहून दिलं आणि एस.टी.ने जाऊन ते आणायचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवस सुया टोचल्या. पहिल्या दिवशी ढवळ्या उठून उभासुद्धा राहिला, तेव्हा आईने त्याला गुळाचा खडा भरवला. चौथ्या दिवशी पहाटे गेला.

त्या काळी मेलेलं ढोर पुरायची पद्धत नव्हती. दोर बांधून गावाबाहेरच्या माळावर ओढून न्यायचं. कातडं काढणारे कातडं काढायचे, उरलेलं गिधाडं संपवायची. आधी वर घिरट्या घालणारं एक दिसायचं, मग पाहता पाहता आकाश भरायचं. ती उतरायची तेव्हा पंखांचा असा आवाज व्हायचा, जणू कुणी गोधडी झटकतंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळावर नुसता सांगाडा. वास नाही, माशा नाहीत. आम्हा मुलींना त्यांची किळस यायची. कुणी ताटातलं अधाशासारखं खाल्लं तर आई "गिधाडासारखं काय करतेस!" म्हणून ओरडायची.

ढवळ्या गेल्यानंतर आठवड्याभराने माळाकडेच्या आंब्यावर एक गिधाड मान खाली घालून बसलेलं दिसलं. पोरांनी दगड मारले तरी उडेना. मान अशी लोंबत होती, जणू उभ्या उभ्या पेंगतंय. दोनतीन दिवसांनी ते झाडाखाली पडलं होतं. म्हातारं झालं असेल, असं सगळे म्हणाले. मीही तसंच समजले.

पुढे लग्न झालं, जव्हारला आले, मुलं झाली. बी.ए. ची पदवी पेटीत ठेवली आणि पाड्यापाड्यांतून बायकांचे गट बांधायला लागले. २००८ च्या सुमारास एका निसर्गप्रेमी संस्थेची मंडळी शाळेत स्लाइड शो दाखवायला आली होती. मुलांना घेऊन मी मागच्या बाकावर बसले. पडद्यावर झाडावर मान लोंबवून बसलेल्या गिधाडाचं चित्र आलं. तसंच. अगदी तसंच. "हे पेंगत नाही, याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत," सांगणारे गृहस्थ म्हणाले. गुरांना दुखण्यासाठी दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं. ते मांस खाल्लं की गिधाडाच्या शरीरातलं युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, काळजा-यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर बसतो आणि काही दिवसांत पक्षी मरतो. माणसाला आणि बैलाला जे औषध दिलासा देतं, ते या पाखराला विष.

मी तिथूनच मनाशी म्हटलं, ढवळ्याला दिलेलं औषध हेच होतं कशावरून? आमच्या दिवाळीच्या गडबडीत मी नाव कशाला वाचलं असेल! पण पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये हात घातला. आईची सवय अशी की रिकामी बाटली म्हणून फेकायची नाही. ढवळ्याच्या औषधाची मोठी बाटली तिने वरचं पत्र्याचं झाकण कापून, धुऊन ठेवली होती आणि इतकी वर्षं त्यात मशीनचं तेल भरत होती. तेलाने कागद पारदर्शक झाला होता, पण अक्षरं वाचता येत होती. डायक्लोफिनॅक सोडियम. गुरांच्या वापरासाठी.

आईला मी काहीच बोलले नाही. बाबा तेव्हा हयात होते, त्यांनाही नाही. काय सांगणार? त्यांनी बैलाला वाचवायला घरातले होते नव्हते ते पैसे घातले होते. त्या आंब्यावरच्या गिधाडाने ढवळ्याचंच मांस खाल्लं होतं का, तेही कोण सांगणार. पण ती बाटली मी एस.टी.ने आणली होती, एवढं खरं.

त्यानंतर मी जे जे मिळेल ते वाचत गेले. १९९० च्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडं भराभर मरताना डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे शास्त्रज्ञ. आधी सगळ्यांना वाटलं, काही रोगाची साथ असेल. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या पथकाने डायक्लोफिनॅक शोधून काढलं. तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के संपली. हजारात एक उरलं म्हणा ना. कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडंही शंभरातली सत्त्याण्णवच्या आसपास गेली. आणि त्यासाठी सगळी मेलेली गुरं विषारी असायची गरज नव्हती. शंभरातलं एखादंसुद्धा नाही, त्याहून कमी असली तरी पुरतं, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. एका ढोरावर पन्नास पन्नास गिधाडं बसतात, म्हणून.

आपण बायकांनी लक्षात घ्यावं असं आणखी एक. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. दिवाळीच्या आगेमागे अंडं, नर-मादी पाळीपाळीने दीडेक महिन्याहून जास्त उबवणार, मग पिल्लू तीनेक महिने घरट्यात. ते उडायला लागेस्तोवर होळी उलटून गेलेली. त्या पिल्लाला स्वतःचं घरटं करायला पुढे पाचेक वर्षं. कोंबडीसारखं नाही की रोग आला, पुन्हा दहा अंडी बसवली. एक गेलं ते भरून यायला किती काळ लागतो बघा.

गिधाडं गेली याचं सामान्य माणसाला काय, असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. जामसरच्या म्हाताऱ्या आजीला विचारा. तिच्या पाड्याजवळ ओहळाच्या काठी मेलेली गुरं टाकतात. "आमच्या येळेला गिधां यायची, दिस मावळायच्या आत साफ. आता आठ आठ दिस वास. कुत्री येतात, तीच वाट पोरांची शाळेची," ती सांगते. तिच्या नातीला दोन वर्षांपूर्वी कुत्रा चावला. लस वेळेवर मिळाली, पोर बरी आहे. पण पाचही सुया पुऱ्या करायला तिच्या आईला पाच दिवस मजुरी बुडवावी लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिधाडं संपल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, असा त्यांचा अंदाज आहे. सडलेलं मांस, दूषित पाणी, पिसाळलेली कुत्री. अर्थशास्त्रज्ञांना आकडेमोड करून जे कळलं, ते आजीला वासावरून कळलं होतं.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांचं डायक्लोफिनॅक दुकानात होतंच, आणि तेही मोठ्या बाटलीत. एक बाटली घेतली की बैलाला पुरते. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन तीन मिलीच्या बाटलीतच विकायचं, असा नियम आला. पुतण्याने आणलेल्या सात बाटल्यांचं गणित ते. नियम करणाऱ्याला वाटलं, इतक्या छोट्या बाटल्या कोण फोडत बसेल? त्याने बसलेला बैल पाहिला नसणार.

किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधंही गिधाडांना तशीच मारतात, म्हणून २०२३ मध्ये गुरांसाठी तीही बंद झाली. त्यानंतर निमेसुलाइडचाही नंबर लागला. या प्रत्येक बंदीमागे संस्थांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे. मेलेली गिधाडं गोळा करायची, तपासायची, औषधाच्या दुकानांतून चौकशी करायची, दिल्लीला खेटे घालायचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणात पिंजोरला २००१ पासून गिधाडांचं केंद्र उभं केलं, तिथे पिंजऱ्यात पिल्लं वाढवली. त्यातली काही जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणून ठेवली आणि नंतर मोकळी केली. त्यांच्या पाठीवर यंत्र लावलं होतं. ताडोब्यातलं एक उडत उडत थेट तमिळनाडूत पोहोचलं आणि तिथे विजेच्या तारांचा धक्का बसून गेलं. हे वाचून मला सासरी लांब दिलेल्या लेकीची बातमी ऐकल्यासारखं झालं. हसू नका.

आपल्या कोकणातही काम आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या 'सीस्केप' संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून उंच झाडांवरची घरटी राखली, आसपासच्या गावांतली मेलेली गुरं तिथे आणून टाकली. मोजकी उरलेली गिधाडं तिथे पुन्हा वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं आणि घरट्यांची मोठमोठी झाडं उन्मळली. इतक्या वर्षांची राखण, आणि एका दुपारचा वारा.

आमच्या सगळ्यात जवळचं ठिकाण मात्र खोरीपाडा. मोखाड्याची हद्द ओलांडली की त्र्यंबकेश्वर तालुका, तिथल्या हरसूलच्या जंगलात हा पाडा. वनखात्याने गावकऱ्यांच्या साथीने तिथे 'गिधाड रेस्टॉरंट' चालवलं आहे, त्याला आता दहा वर्षांहून जास्त झाली. नाव ऐकून आमच्या गटातल्या पोरी खूप हसल्या. रेस्टॉरंट म्हणजे काय, तर जंगलातली एक मोकळी जागा. आसपास कुणाचं जनावर मेलं की ते ओढून फेकून न देता तिथे आणून टाकायचं. मी गेल्या हिवाळ्यात गेले होते. तिथल्या एका तरुणाने सांगितलं, "आधी मालकाला विचारतो, शेवटच्या दिवसांत सुई कोणती दिली होती? शंका असली की ढोर पुरायचं. गिधाडांना वाढायचं नाय." स्वयंपाकघरात आपण जसं दूध नासलंय का बघतो, तितकं सहज तो बोलत होता.

त्या दिवशी वाढलेलं काही नव्हतं. तरी अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांच्या दिशेने ती आली, खूप उंचावरून, पंख न हलवता. मी अकरा मोजली. मान मोडून वर बघत राहिले. २८ वर्षांनी इतकी एकत्र पाहत होते. त्याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ टाकेदचं सर्वतीर्थ आहे, सीतेला सोडवायला धावलेला जटायू तिथे पडला असं मानतात. लोक लांबून स्नानाला येतात. कथा-कीर्तनात जटायूसाठी डोळ्याला पदर लावणाऱ्या आपण, आणि "गिधाडासारखी बघतेस काय" हेही आपलंच!

तर, सात बाटल्या आणि वहिनीचा बैल.

मी म्हटलं, "हे नको टोचूस. याने गिधाडं मरतात."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं. "ताई, माझा बैल उठला पाह्यजे. तू मला गिधाडाचं काय सांगतेस?"

तिचं चूक नव्हतं. माझे बाबा तेच म्हणाले असते. स्लाइड शो पाहिलेली माणसं इथेच चुकतात, पाखराची दया आधी सांगतात आणि बैलाचं नंतर. मी पण चुकलेच. मग तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, बैलासाठीच दुसरं औषध आहे, मेलॉक्सिकॅम नावाचं. सूज-दुखणं त्यानेही उतरतं आणि गिधाडाला त्याने काही होत नाही, हे २००६ मध्येच तपासून झालंय. शिवाय हे माणसांचं औषध, बैलाला किती द्यायचं हे या सुई टोचणाऱ्याला कुठे माहीत आहे? जास्त गेलं तर बैलाचंच वाईट होईल. ढवळ्याची गोष्टही सांगितली. आईच्या बाटलीचीसुद्धा. आजवर नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट मी गोठ्यात, अकरा बायकांसमोर सांगितली.

पुतण्या वैतागला. सात बाटल्यांचे पैसे गेले होते. सरकारी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या गावाला होते, उद्या येतो म्हणाले. उद्या! रात्रभर बैल कण्हत राहणार आणि मी घरी जाऊन झोपणार. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे, टोचू दे एकदाचं. अध्यक्ष वहिनीच शेवटी म्हणाली, "एक रात काढू. मी बसते हिच्याबरोबर." पळसाची पानं गरम करून शेक द्यायचं ठरलं. सात बाटल्यांचे पैसे गटाच्या किरकोळ खर्चातून पुतण्याला दिले, आणि बाटल्या मी पिशवीत टाकल्या. वह्यांमध्ये त्या खर्चाला काय नाव द्यायचं यावर पुन्हा अर्धा तास. "गिधाड खाते" असं कुणीतरी सुचवलं, तेच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरसाहेब आले. पिशवीतून त्यांनी मेलॉक्सिकॅमच काढलं. सूज तपासली, पायात काटा खोल गेलेला होता, तो काढला, पू काढला. तिसऱ्या दिवशी बैल उठला. लंगडत का होईना, पाऊस पडल्यावर नांगराला चालला. काटा निघाल्यामुळे उठला की औषधामुळे, मला विचारू नका.

आजी हे सगळं काठीवर हनुवटी टेकून बघत होती. जाताना तिने मला थांबवलं. "तिकडं हरसूलकडं खरंच येतात गिधां?" मी म्हटलं, "अकरा मोजली आजी." "मला दाखवशील?" तिने लग्नाआधीपासून पाहिलेली पाखरं, आणि आता मी तिला दाखवायची!

भातकापणी संपली की, माणसं भट्टीवर जगायला जायच्या आधी, एक दिवस काढायचं ठरलं आहे. गटातल्या नऊजणी आणि आजी. भाकरी प्रत्येकीने आपापली आणायची. जीपचं भाडं मात्र गिधाड खात्यातून घ्यायचं की ज्याचं त्याने द्यायचं, यावर अजून एकमत झालेलं नाही.